किरकोळ आणि ठोक

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘ठोक व किरकोळ विक्रेते’ असं रंगवलेलं होतं. ठोक गिऱ्हाइकं महिन्याकाठी चार-दोन. यादी पुढे करायची, पोती मोजून टेम्पोत चढवायची, निघून जायचं. दुकान चालायचं ते किरकोळीवर. पावशेर शेंगदाणे, चहाची पुडी, आठ आण्यांची हळद. आणि किरकोळ गिऱ्हाईक नुसता माल घेऊन कधी गेल्याचं मला आठवत नाही. अण्णांची तागडी स्थिर होईपर्यंत ते काहीतरी सांगायचंच. एसटीत विसरलेली छत्री, दिवाळसणाला रुसलेला जावई, तंबूत लागलेल्या सिनेमातल्या खलनायकाला कसं आणखी दोन तडाखे हवे होते. अण्णा मान वर न करता ‘हं’ म्हणायचे. तेवढ्या ‘हं’वर सांगणाऱ्याचं काम भागायचं.

हे पुस्तक त्या किरकोळीचं आहे. यात चाळीसेक माणसांनी आपल्या रोजच्या जगण्यातला एखादा साधा प्रसंग आणि एखादं साधं मत लिहिलं आहे. मत म्हणजे देशाच्या भवितव्याविषयीचं नव्हे. सिनेमातल्या सासूविषयीचं, रिमिक्स गाण्याविषयीचं, हॉटेलातल्या मिसळीत फरसाण आधी घालावं की नंतर याविषयीचं. असलं लिखाण मराठीत पूर्वीपासून आहे, भरपूर आहे, आणि त्याला काय म्हणायचं यावर आपलं अजून एकमत नाही. गुजगोष्ट, लघुनिबंध, ललितनिबंध, ललितलेख, स्फुट, सदर. अभ्यासकांनी यातल्या प्रत्येक नावाला वेगळं कुंपण घालून पाहिलं आहे. नव्या वाचकाला मी एवढंच सांगेन की या लिखाणाला दोन पाय असतात. एक ‘घडलं’ आणि दुसरा ‘वाटलं’. पहिला फार लांब झाला की कथा होते, दुसरा फार लांब झाला की अग्रलेख. दोन्ही साधारण सारखे असले की माणूस आपल्या चालीनं चालताना दिसतो, आणि त्याची चाल पाहायलाच आपण थांबतो.

मराठी गद्यात हा चालणारा माणूस उशिरा आला. १८४८पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादींची पत्रं येऊ लागली, १८७४ ते १८८१ या काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ चालवली. दोघांच्याही लिखाणात ‘मी’ आहे, ठसठशीत आहे. पण तो व्यासपीठावर उभा आहे. त्या ‘मी’ची छत्री कधी हरवत नाही. समाजाला जागं करायचं असताना स्वतःच्या छत्रीविषयी बोलणं त्यांना शोभलं नसतं, हेही खरं.

खाली उतरायचा पहिला जिना विनोदाचा होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या स्वतःच फजित होतात, आणि लेखक त्यांच्या आडून समाजाला चिमटे काढतो. पण ती सोंगं आहेत. सोंगाआडून बोलायची सोय आणि स्वतःच्या तोंडानं बोलायचं धाडस यांत अंतर आहे. दरम्यान वाचायची सवयही बदलत होती. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि फराळासोबत वाचण्याजोगं, फार न दमवणारं लिखाण लागतं हे प्रकाशकांच्या ध्यानात आलं. या प्रकाराला जागा मिळाली ती या खुसखुशीत गरजेतून.

स्वतःच्या तोंडानं बोलायचा मान ना. सी. फडक्यांकडे जातो. १९२६पासून ‘रत्नाकर’ मासिकात त्यांनी हे लेख लिहिले आणि १९३३ साली त्यांचा ‘गुजगोष्टी’ हा संग्रह निघाला. नमुना इंग्रजी होता. लँब, गार्डिनर, लिंड ही मंडळी त्यांच्या वाचनातली, आणि त्यांच्याही मागे १५८० साली स्वतःलाच विषय करून निबंध छापणारा फ्रेंच माँतेन. पण फडक्यांनी नाव दिलं ते अस्सल मराठी. गूज म्हणजे कानात सांगायची गोष्ट. कानात सांगायचं तर जवळ बसावं लागतं आणि आवाज खाली आणावा लागतो. लघुनिबंधावर पुढे जी समीक्षा झाली ती बरीचशी मी वाचली आहे. या एका शब्दात त्यातली निम्मीअधिक आधीच आली होती असं माझं मत आहे.

फडक्यांच्या पाठोपाठ दोघे आले. वि. स. खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर होते आणि सावंतवाडीच्या ‘वैनतेय’मध्ये लिहीत होते. त्यांच्या हातात हा प्रकार हळवा झाला, उपमांनी लगडला. अनंत काणेकर मुंबईचे, खोडकर, वळण डावं. ‘पिकली पाने’ १९३४चं. फडक्यांचा डौल आज थोडा परीटघडीचा वाटतो, खांडेकरांची कळकळ कधीकधी गळ्याशी येते, काणेकर मात्र अजून ताजे वाटतात. हे माझं मत. खांडेकरप्रेमींनी रागावू नये, त्यांच्याकडे ज्ञानपीठ आहे.

पण दहा-बारा वर्षांतच या प्रकाराला एक रोग जडला. मी त्याला शेपटीचा रोग म्हणतो. छत्री हरवते, पहिला परिच्छेद झकास जमतो, दुसऱ्यात पाऊस येतो, आणि चौथ्यात कळतं की आयुष्य हीच एक छत्री आहे. शाळेत आपण ‘यावरून काय बोध घ्याल?’ या प्रश्नाची उत्तरं लिहून वाढलो. बोधाशिवाय गोष्ट संपवली तर मार्क कापले जातील ही भीती मोठ्या लेखकांनाही सुटली नाही. लघुनिबंधाला पुढे ओहोटी लागली याची विद्वानांनी बरीच कारणं दिली आहेत. वाचक म्हणून मला एकच कारण पटतं. शेवट आधीच ठाऊक असलेलं गूज कोण कान लावून ऐकणार?

स्वातंत्र्यानंतर या प्रकाराला ज्यांनी पुन्हा उभं केलं त्यांत बायका पुढे होत्या, ही गोष्ट पुरेशा जोरानं सांगितली जात नाही. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा संग्रह १९४९चा. त्याच नावाच्या लेखात सभेमध्ये त्यांची ओळख करून दिली जाते: अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, यांची पत्नी. मानववंशशास्त्रातल्या मोठ्या विदुषीची ओळख अशी पुरुषांच्या नावांनी पुरी होते, आणि तरी काहीतरी राहून गेल्याची त्यांना चुटपुट लागते. मग रस्त्यात शाळकरी पोरं त्यांना ‘कर्व्याची आई’ म्हणून ओळखतात आणि ती यादी पूर्ण होते. यात राग आहे की कौतुक, उपहास आहे की समाधान? मी हा लेख निदान दहा वेळा वाचला असेन, दर वेळी काटा थोडा वेगळ्या ठिकाणी थांबतो. ‘घडलं’ आणि ‘वाटलं’ यांची वीण इतकी घट्ट की एक दोरा ओढायला जावं तर दुसरा हातात येतो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६चं. त्यानंतर विंदा करंदीकरांचं ‘स्पर्शाची पालवी’, बडोद्याला वास्तुकला शिकवणाऱ्या माधव आचवलांचं ‘किमया’, १९६५ साली श्रीनिवास कुलकर्ण्यांचं ‘डोह’. ही सगळी पुस्तकं माझ्या कपाटात हाताशी आहेत. पण यांच्या यशाची एक किंमतही होती. ‘ललित’ या शब्दाला हळूहळू सोवळं चढलं. झाड, पाऊस, एकांत, बालपण हे विषय चालत. सिनेमा, भेळ आणि शेजारी चालेनासे झाले.

मग सिनेमा, भेळ आणि शेजारी गेले कुठे? ते वर्तमानपत्रात, रेडिओवर आणि रंगमंचावर गेले. दत्तू बांदेकर ‘सख्याहरी’ होऊन लिहीत. जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन खुद्द साहित्यिकांनाच चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं वागवलं. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी रोजच्या बाजारभावावर भांडत आणि घरोघरची माणसं जेवता जेवता त्यांची बाजू घेत. पुढे दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या सदरातून २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका झाली, आणि एका घरातल्या अगदी बिनमहत्त्वाच्या गोष्टी महाराष्ट्रानं आठवडाभर वाट पाहून बघितल्या. हे लिखाण कालनिर्णयच्या पानामागंही असायचं. जयंत साळगावकरांनी १९७३ साली ती दिनदर्शिका सुरू केली. आमच्या घरी तिच्या पुढच्या बाजूला आई दुधाचे खाडे मांडायची आणि महिना संपल्यावर मागची बाजू वाचायची. खाड्यांचा हिशेब चुकला की लेख पुन्हा वाचून व्हायचा.

पु. ल. देशपांड्यांविषयी वेगळं काय सांगणार? ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकातून रंगमंचावर गेली आणि एक माणूस नुसता गप्पा मारून थिएटर भरतो हे सिद्ध झालं. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा गप्पांना सरकारी शिक्काही बसला. पण पुलंनी नकळत एक अडचण करून ठेवली. त्यांच्यानंतर मराठीत गमतीनं लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या मानगुटीवर त्यांचा आवाज बसला. या पुस्तकासाठी आलेल्या लेखांतही तो आवाज मला इतका ऐकू आला की काही चांगले लेख मी परत केले. लिहिणाऱ्यांनी रागानं विचारलं, ‘पुलंसारखं आहे म्हणून नको?’ हो, म्हणूनच.

त्या आवाजातून जो पूर्ण निसटला तो शिरीष कणेकर. सिनेमा आणि क्रिकेट यांवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, ‘माझी फिल्लमबाजी’ हा एकपात्री प्रयोग केला. २०२३ साली ते गेले. कणेकरांचा माझ्या लेखी मोठेपणा असा की त्यांनी चाहत्याला वाचा दिली. त्यांच्याआधी सिनेमावर लिहिणारा समीक्षक तरी असायचा नाहीतर वार्ताहर. कणेकर पिटातल्या खुर्चीवरून बोलले. लताबाई आवडतात, का ते विचारू नका, आवडतात. अमुक नट ठोंब्या आहे, तुम्हाला पटत नसेल तर तुमचा कान किंवा डोळा तपासा. ही अरेरावी कधी कधी खटकते. बायकांविषयीची त्यांची काही वाक्यं आज तर वाचवत नाहीत. पण आवडनिवड ही माणसाची चाल सांगते आणि ती न लाजता सांगावी, हे मराठी वाचकाला त्यांनी शिकवलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर जी नावं आली ती पुन्हा एकदा वाचून पाहा. प्राध्यापक, शिक्षक, कवी, वास्तुशास्त्रज्ञ, पत्रकार. बहुतेक सगळे पांढरपेशे, बहुतेक सगळे दोन-तीन शहरांतले. छत्री हरवल्यावर गंमत म्हणून लिहायला आधी छत्री असावी लागते, आणि ती हरवल्यानं दिवसाचा रोज बुडणार नाही अशी खात्री असावी लागते. किरकोळ लिहिणं हीच एक मोठी मिरास होती, आणि ती वर्षानुवर्षं थोड्या घरांत राहिली.

१९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन आलं. मग ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’. बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून येत होतं, १९८६मध्ये पुस्तक झालं. त्याच वर्षी शांताबाई कांबळ्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. या पुस्तकांनी मराठीत ‘मी’चा अर्थच बदलून टाकला, त्याविषयी खूप आणि चांगलं लिहिलं गेलं आहे. मला सांगायचं आहे ते त्याच्या कडेला असलेलं. या पुस्तकांनंतर मराठी वाचकानं एक वाईट खोड लावून घेतली. वस्तीतल्या, वाडीतल्या, पालातल्या माणसानं लिहायला घेतलं की त्याच्याकडून आपण ठोक माल मागतो. दुःख द्या, भूक द्या, अपमान द्या, पोतंभर द्या. तो किंवा ती जर म्हणाली की मला ‘अशी ही बनवाबनवी’ तोंडपाठ आहे आणि त्यावर लिहायचं आहे, तर संपादकाचा चेहरा पडतो. भाजीवालीला मालिकेविषयी मत असतं, ते तिच्या भाजीइतकंच ताजं असतं, पण तिला कुणी विचारत नाही. तिला विचारतात ते कष्टांविषयी.

‘बलुतं’ नीट वाचणाऱ्याला हे नवीन वाटू नये. त्या पुस्तकात मुंबईतला कावाखाना आहे, तिथल्या माणसांची हौस आहे, तमाशा आहे, सिनेमा आहे. लेखकानं किरकोळ दिलंच होतं. आपण ते बाजूला ठेवून ठोक तेवढं उचललं.

म्हणून या पुस्तकाची कल्पना. चार वर्षांपूर्वी आम्ही लिखाण मागवलं तेव्हा तीन अटी घातल्या. दीड हजार शब्दांच्या आत लिहा. सिनेमा, गाणं, मालिका, खेळ, खाणं यांपैकी काहीतरी लेखात असू द्या. शेवटी बोध नको. सुरुवातीला आलेल्या लेखांत निम्म्याहून जास्त लेखांत पहिल्याच परिच्छेदात कुणीतरी वारलेलं होतं. चूक लिहिणाऱ्यांची नव्हती. त्यांनी आजवर जे छापलेलं पाहिलं होतं तसंच लिहिलं होतं. एका परिचारिकाताईंनी कोविडच्या दिवसांवर लिहून पाठवलं होतं, लेख चांगला होता. मी फोन करून विचारलं, हल्ली काय बघता? त्या वीस मिनिटं ‘सैराट’विषयी बोलल्या. २०१६ साली त्यांनी तो आधी आईबरोबर पाहिला आणि नंतर एकट्यानं, आणि ते दोन वेगळे सिनेमे होते असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हे लिहा. त्या म्हणाल्या, ‘सर, एवढंच?’ ते ‘एवढंच’ या पुस्तकात आहे.

आजच हे पुस्तक का, असं प्रकाशकांनी विचारलं होतं. आता तर सगळेच लिहितात, फोन उघडला की प्रसंग आणि मतं धो धो वाहतात, मग पुस्तक कशाला? प्रश्न रास्त आहे. मला दिसतं ते असं. आज मतं फार झाली आणि प्रसंग कमी. सिनेमाला किती तारे ते लगेच कळतं. तो कुणाबरोबर पाहिला, मध्यंतरात काय खाल्लं, बाहेर पडल्यावर दोघं गप्प का होती, हे कळत नाही. ‘वाटलं’चा पाय वाढत चालला आहे आणि ‘घडलं’चा सुकत. दुसरी गोष्ट आवाजाची. सकाळी येणाऱ्या मजकुराखाली ‘पु. ल.’ किंवा ‘व. पु.’ असं लिहिलेलं असतं आणि दोघांनीही तो लिहिलेला नसतो. ज्या अनोळखी माणसानं तो लिहिला त्याचं नाव वाटेत गळून पडलेलं असतं. एखाद्याच्या बाबतीत खरंच काही घडलं होतं, त्याला काही वाटलं होतं, आणि ते खपवायला मेलेल्या लेखकाची पाटी लावावी लागली, यासारखी या प्रकाराची दुसरी नाचक्की मला माहीत नाही. इथं प्रत्येक लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव आहे. ज्यांना नको होतं त्यांनी स्वतः निवडलेलं टोपणनाव आहे.

भाषेविषयी थोडं. ‘आणि’ला कुणी ‘आन्’ लिहिलं असेल, तर ते तसंच ठेवलं आहे. वऱ्हाडी, मालवणी, सोलापुरी वळणं सरळ केलेली नाहीत, तळटीपाही दिलेल्या नाहीत. दुकानात कुणी तळटीप देऊन बोलत नसे. शुद्धलेखन मात्र जिथं लिहिणाऱ्यानंच सुधारून मागितलं तिथं सुधारलं. पुण्यामुंबईच्या प्रमाणभाषेत लिहिणाऱ्यांचे लेखही आहेत, त्यांनाही किरकोळ लिहायचा तेवढाच हक्क आहे. मांडणीत विषयवार विभाग केलेले नाहीत. चहावरच्या लेखानंतर क्रिकेटवरचा का, याला उत्तर नाही.

उणिवा आहेत. पंचविशीच्या आतलं लिखाण फार थोडं मिळालं. ती मंडळी बोलून पाठवायला तयार होती, लिहून नाही, आणि बोललेलं आम्ही उतरवून घेतलं तर आवाज आमचा होईल अशी भीती वाटली. कदाचित ती भीती चुकीची होती. गोव्याहून दोनच लेख आले. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या कुणाचाच लेख नाही, त्यासाठी जितकं हिंडायला हवं होतं तितकं मी हिंडलो नाही. तीन-चार लेखांना शेवटी बारीकशी शेपटी राहिली आहे. लिहिणाऱ्यांनी ती कापू दिली नाही, आणि एका आजींशी वाद घालायची माझी टाप नव्हती.

पुस्तक कुठूनही उघडा. न आवडलेला लेख अर्ध्यावर सोडा. एका बैठकीत वाचू नका, ही विनंती मात्र आहे. रोज एक पुरे.

दुसऱ्या भागासाठी लेख मागवत आहोत, अटी त्याच. मागच्या पानावर पत्ता आहे. वहीच्या पानावर हातानं लिहिलेलं चालेल. पहिल्या परिच्छेदात कुणी वारलं असेल, तर पाठवण्याआधी स्वतःला एकदा विचारा: काल टीव्हीवर काय पाहिलं? जमलं तर त्याविषयी लिहा.